विहिरीची धाव, इंजिनाची धाव

नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग पूर्ण झाला. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत जाण्याची मुभा आहे. कपाशीच्या शेतांकडेने जाणाऱ्या या रस्त्यावर अधूनमधून एखादी अशी मोटार जाते, की तिचा आवाज बाकीच्या रहदारीतून सहज वेगळा काढता येतो. तो खर्जात सुरू होतो, चढत जातो आणि वरच्या पट्टीत गेल्यावर त्यात हवा ओढल्याचा एक कर्कश सूर मिसळतो. हा आवाज घडवलेला असतो. त्या मोटारीचे हवा घेण्याचे आणि धूर सोडण्याचे मार्ग कारखान्यातून आले तसे राहिलेले नसतात. अधिक शक्ती मिळावी म्हणून कोणीतरी ते बदललेले असतात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या आवाजाकडे लक्ष का द्यावे, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो रास्तही आहे. आमचे म्हणणे असे, की या आवाजामागे विचाराचा एक दीर्घ इतिहास आहे. इंजिनाने श्वास कसा घ्यावा, हा त्या विचाराचा विषय. श्रीमंतांच्या वेगवान मोटारींपर्यंत पोहोचण्यापूर्वी तो आपल्याकडे विहिरींच्या काठांवर, गॅरेजांत आणि लेथच्या शेजारी, मराठीत बोलूनच, केला गेला. लिहिला मात्र फारच थोडा गेला. या लेखात त्या न लिहिलेल्या इतिहासाचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम इंजिनाकडे पाहू. निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार टप्प्यांत चालणारे इंजिन सिद्ध केले आणि आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारी त्याच तत्त्वावर चालतात. हे चार टप्पे म्हणजे चोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कास. दट्ट्या खाली जातो तेव्हा झडप उघडते व हवा आणि इंधन आत येते. तो वर येतो तेव्हा ते मिश्रण दाबले जाते. ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. शेवटी तो पुन्हा वर येऊन जळका धूर बाहेर काढतो. दट्ट्याच्या अशा प्रत्येक फेरीला गॅरेजमध्ये 'स्ट्रोक' म्हणतात आणि मराठी परिभाषेत 'धाव'.

आता हवेचा हिशेब. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या मापाने सांगायचे, तर एक लिटर पेट्रोलला सुमारे ९००० लिटर हवा. याचा अर्थ असा, की इंधन वाढवणे ही इंजिनाच्या दृष्टीने सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ती हवा मिळवणे. इंजिनाची शक्ती वाढवण्याची बहुतेक सारी विद्या शेवटी या एका प्रश्नाशी येऊन थांबते : क्षणाच्या एका बारीक अंशासाठी उघडणाऱ्या झडपेतून अधिक हवा आत कशी न्यावी?

येथे नेहमी होणारी एक समजुतीची चूक दुरुस्त करायला हवी. दट्ट्या हवा 'ओढतो' असे आपण म्हणतो, पण हवा ओढली जात नाही. दट्ट्या खाली गेल्याने आत पोकळी होते आणि बाहेरचे वातावरण आपल्या दाबाने हवा आत ढकलते. हे तत्त्व टोरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीत दाखवले. जालन्याच्या शेतकऱ्याला ते आपल्या विहिरीने दाखवले.

जालना हा कोरडवाहू मुलूख. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, पुढे औरंगाबाद जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. १९०० च्या सुमारास मनमाडकडून आलेल्या मीटरगेज रेल्वेने येथील कापसाच्या व्यापाराला बळ दिले आणि सरकी काढण्याच्या व गठाणी बांधण्याच्या कारखान्यांसोबत यंत्र गावात आले. शेतातले पाणी मात्र मोटेनेच निघत होते. बैलजोडी विहिरीपासून उतरत्या वाटेने पुढे गेली की चामड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. बैल मागे सरकले की मोट पुन्हा पाण्यात बुडे. बैलांच्या त्या उतरत्या वाटेलाही मराठीत 'धाव' असेच म्हणतात. परिभाषा करणाऱ्यांनी इंजिनासाठीचा शब्द मोटेवरूनच उचलला, असा दावा आम्ही करत नाही. पण एका ठराविक अंतरातले तेच ते जाणे-येणे, त्यातून उपसा, आणि परत रिकाम्या पावली मागे सरणे, हे चित्र दोन्ही ठिकाणी एकच आहे, आणि भाषेने ते दोन्ही ठिकाणी एकाच शब्दात धरले आहे.

मोटेच्या जागी तेलावर चालणारे इंजिन आले ते महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथकाम करणाऱ्या कारागिरांनी शेतीची इंजिने घडवली. ही इंजिने मराठवाड्यात विहिरीवर येऊन बसली आणि त्यांच्याबरोबर हवेच्या दाबाचा धडाही आला.

तो धडा असा. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा स्तंभ सुमारे १० मीटर उंच ढकलू शकतो. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा येथे ही मर्यादा आणखी थोडी खाली येते. आणि प्रत्यक्षात, नळीतल्या घर्षणामुळे, पंप साधारण ६-७ मीटरपलीकडचे पाणी नीट उचलत नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे पाणी खोल गेले तेव्हा कितीही दणकट इंजिन लावले तरी काठावरच्या पंपाला पाणी लागेना. उपाय एकच : पंप पाण्याजवळ न्यायचा. विहिरीच्या पोटात कडा खोदून, फळ्या टाकून पंप खाली उतरवले गेले. सक्शनचा पाइप आखूड ठेवायचा, रुंद ठेवायचा, त्याला वाकणे कमी द्यायची, सांध्यातून हवा शिरू द्यायची नाही, आणि तळाचा फुटव्हॉल्व्ह, ज्याला खेड्यात सर्रास 'फुटबॉल' म्हणतात, गाळाने चोंदू द्यायचा नाही. हे सारे नियम ज्या शेतकऱ्याने शाळेत विज्ञान शिकले नव्हते त्यालाही तोंडपाठ होते.

आता वेगवान मोटारीचे इंजिन सुधारणारा मिस्त्री काय करतो ते पाहा. तो हवेच्या गाळणीपासून झडपेपर्यंतची वाट तपासतो. नळीची वाकणे कमी करतो. झडपेमागची ओतीव वाट आतून घासून गुळगुळीत आणि जरा मोठी करतो, कारण ओतकामातली खडबडीत कड हवेला अडवते. सांध्याच्या ठिकाणी गॅस्केट आत डोकावत असेल तर तेवढे कापतो. विहिरीवरच्या शेतकऱ्याचे आणि त्याचे काम तत्त्वतः एकच आहे : वातावरण ढकलायला तयार आहे, त्याच्या वाटेतले अडथळे काढायचे.

साम्य येथेच संपत नाही. पंप एकदम बंद केला तर पाइपमधले चालते पाणी थांबायला तयार नसते. त्याचा धक्का पाइपला बसतो आणि सांधे हलतात. हवेच्या नळीतही असेच होते. झडप मिटली की वेगाने येणारी हवा तिच्यावर आदळते, तिथे दाब वाढतो आणि त्याची लाट नळीतून मागे जाऊन परत येते. नळीची लांबी अशी राखली, की परतलेली लाट झडप पुन्हा उघडण्याच्या वेळी दाराशी असावी, तर नेहमीपेक्षा अधिक हवा आत जाते. नळी आखूड असेल तर हा मेळ इंजिनाच्या जास्त फेऱ्यांवर बसतो, लांब असेल तर कमी फेऱ्यांवर. म्हणून शर्यतीची नळी आणि रोजच्या प्रवासाची नळी सारखी नसते. आणि शेवटी, सबमर्सिबल मोटार आली तेव्हा शेतकऱ्याने वातावरणाचा नाद सोडून पाणी खालून वर ढकलायला सुरुवात केली. मोटारीतला टर्बो हेच करतो. तो वातावरणाच्या दाबावर विसंबत नाही, धुराच्या जोरावर फिरून स्वतःच हवा आत कोंबतो.

एका बाबतीत मात्र शेत आणि शर्यत यांचे मार्ग वेगळे होतात. जालन्याच्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ सिलिंडरमध्ये गेली तर कानशीसारखी घासते. म्हणून शेतातल्या इंजिनांना आणि ट्रॅक्टरांना हवा तेलावरून नेणारी, धूळ तेलात बसवणारी गाळणी असे. ती हवेला थोडी अडवते, पण इंजिन वर्षानुवर्षे टिकवते. शर्यतीच्या मोटारीला मोकळी गाळणी हवी असते. तिला घाई असते, आयुष्याची चिंता कमी. जालन्यात बसवलेल्या मोकळ्या गाळणीला येथल्या मातीचे भान ठेवावेच लागते. येथल्या उन्हाचेही. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात ५०० मीटर उंचीवरची हवा समुद्रसपाटीच्या १५ अंशांतील हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. कागदावरची अश्वशक्ती येथे पोहोचेपर्यंत तेवढी झिजलेली असते. बॉनेटखालची तापलेली हवा घेणारी दिखाऊ गाळणी लावली, तर आवाज वाढतो आणि शक्ती उलट घटते. बाहेरची थंड हवा नळीने आणणारी साधी पेटी तिच्याहून बरी.

या विद्येची शहरातली शाळा मुंबईला भरली आणि तिचे मूळ टंचाईत होते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या परवान्याने ११०० ही मोटार निघू लागली. १९७० च्या दशकात तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. परवान्यांच्या त्या काळात मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, आयातीवर कडक बंधने होती आणि निवड जवळजवळ नव्हतीच. ज्याला वेगाचा नाद होता त्याला वेगवान मोटार विकत मिळत नव्हती. हाताशी होती तीच वेगवान करावी लागे.

मग मिस्त्री हेड उतरवी, लेथवर किंवा ग्राइंडरवर त्याचा तळ थोडा तासून घेई, म्हणजे संपीडनाची जागा लहान होऊन दाब वाढे. झडपांच्या वाटा घासल्या जात. कार्ब्युरेटरच्या जेटची भोके बदलून मिश्रण जुळवले जाई, कधी कार्ब्युरेटरच मोठा बसवला जाई. ठिणगीची वेळ पुढे-मागे केली जाई. हिशेब सोपा होता : मिनिटाला ४८०० फेऱ्या घेणारे हे इंजिन पूर्ण भरले तर मिनिटाला सुमारे २६०० लिटर हवा घेईल, प्रत्यक्षात ते त्याहून बरेच कमी घेते, या दोहोंमधले अंतर जेवढे कमी करता येईल तेवढी शक्ती मिळेल. असे साधलेल्या देशी मोटारी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानतळपट्टीवरील शर्यतींत धावत. परदेशी शर्यतींत हे सारे प्रयोगशाळेत मोजले जाई. येथे बहुतेक ठिकाणी मोजण्याचे साधन म्हणजे मिस्त्रीचा कान.

या कानाविषयी थोडे थांबून बोलायला हवे. जालन्याच्या एका जुन्या गॅरेजात आम्ही एका वृद्ध मिस्त्रींना काम करताना पाहिले आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, अशा अवस्थेत ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "तिसऱ्याचा टॅपेट सैल आहे. आणि हवा कुठून तरी चोरून घेतंय." हवा चोरणे म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या सांध्यातून नको ती हवा आत जाणे. त्यांनी गॅस्केट बदलले, मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा आत घेतला, पुन्हा ऐकले, आणि पुन्हा किंचित मागे आणला. असे चार-पाच वेळा झाल्यावर इंजिनाचा आवाज एका जागी स्थिर झाला. "आता त्याला दम आला," एवढेच ते म्हणाले. हा पाव फेरा कुठल्या पुस्तकात आहे, असे विचारायचे आमच्या मनात होते. आम्ही विचारले नाही, कारण उत्तर ठाऊक होते.

मराठीत इंजिनावर लिहिलेच गेले नाही, असे नाही. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि त्या प्रकल्पाने यंत्रविद्येला मराठी शब्द देण्याचे मोठे काम केले. दट्ट्या, झडप, चोषण, संपीडन हे शब्द अर्थवाही आहेत, त्यांत भाषेचे भान आहे. पण गॅरेजात त्यांना प्रवेश मिळाला नाही, आणि गॅरेजातले 'दम', 'मिसिंग', 'पिकअप', 'हवा चोरणे', 'हेड उतरवणे' हे शब्द ग्रंथात गेले नाहीत. एकाच यंत्राविषयी दोन मराठ्या शेजारी शेजारी वाढल्या आणि त्यांची भेट झाली नाही. याचे कारण शब्दांच्या क्लिष्टतेत शोधण्याची आपल्याला सवय आहे. आम्हाला ते अन्यत्र दिसते : ग्रंथ लिहिणारा गॅरेजात ऐकायला गेला नाही, आणि आपण बोलतो ते लिहिण्याजोगे आहे असे मिस्त्रीला कोणी सांगितले नाही.

हे अपरिहार्य होते काय? साहित्याच्या इतिहासात याचे एक उत्तर आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले. नांगर आणि यंत्रे घेणाऱ्या-विकणाऱ्यांपर्यंत कारखान्याच्या वार्ता पोहोचवणे हा त्याचा आरंभीचा हेतू. शंकर वासुदेव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' त्याला येऊन मिळाले. मराठी कथेच्या, स्त्रीविषयक लेखनाच्या आणि विवेकवादी चर्चेच्या इतिहासात या मासिकांचे स्थान आपण वर्गात शिकवतो. त्यांचा जन्म ओतशाळेच्या शेजारी झाला, हे मात्र आपण एका वाक्यात उरकतो. मासिक मोठे होत गेले तसे ते यंत्रापासून दूर गेले. ते स्वाभाविकही होते. तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध होते, की मराठी गद्य आणि लेथ यांचा एकेकाळी एकच पत्ता होता.

पुढचा भाग अलीकडचा आहे. कार्ब्युरेटर गेला, त्याची जागा संगणकाने चालणाऱ्या इंधनफवाऱ्याने घेतली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि इंजिनाचा प्रत्येक श्वास संवेदकांच्या देखरेखीखाली आला. आज शक्ती वाढवायची म्हणजे नळी-गाळणी बदलण्याबरोबर संगणकातील तक्ते बदलायचे : किती हवेला किती इंधन, ठिणगी केव्हा, टर्बोचा दाब किती. गाडी रोलरवर चढवून मोजमाप होते. मिस्त्रीच्या कानाची जागा आलेखाने घेतली. कायदाही कडक झाला. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेविरुद्ध वाहनात बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आणि त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. धूर आणि गोंगाट यांचा त्रास ज्यांना होतो त्यांच्या बाजूने पाहिले तर या नियमांत वावगे काही नाही. शर्यतीची जागा शर्यतीच्या मार्गावर आहे, शेतकऱ्याच्या दाराशी नाही.

याच काळात आपल्या भागात वेगवान मोटारीही बनल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची मोटार तयार झाली. तिचे इंजिन रेनोचे होते. दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात आली. तिचेही दोन लिटरचे टर्बो इंजिन परदेशी बनावटीचे. देह येथला, श्वास उसना. ज्या प्रांतात शेतीचे इंजिन गल्लीतल्या ओतशाळेत घडत होते, त्या प्रांताने वेगवान मोटारीसाठी इंजिन बाहेरून आणावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. भांडवल, बाजारपेठ, सरकारी धोरण ही तिची कारणे आहेतच. त्यांत आम्ही आणखी एक जोडू : कानाने मिळवलेले ज्ञान कागदावर न आल्याने ते एका मिस्त्रीपासून दुसऱ्याकडे फार तर एका शागिर्दाएवढे पुढे गेले. त्यावर पुढची इमारत रचता आली नाही. लिहिलेल्या ज्ञानात चूक सापडते, तिच्याशी वाद घालता येतो. न लिहिलेले ज्ञान माणसाबरोबर जाते.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निघून गेल्या. जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्यांचा कच्चा माल म्हणजे प्रामुख्याने भंगार. जुन्या लोखंडाच्या तेथे सळया होतात आणि त्यांवर नवी घरे उभी राहतात. लोखंडाला असा पुनर्जन्म आहे. मिस्त्रीच्या पाव फेऱ्याला तो नाही. आमच्या वर्गांत बोलीभाषांचे, लोकगीतांचे, ओव्यांचे संकलन विद्यार्थी करतात आणि ते करायलाच हवे. त्यांच्यापैकी एखाद्याने ध्वनिमुद्रक घेऊन जालन्याच्या, कोल्हापूरच्या, कुर्ल्याच्या गॅरेजांत बसावे आणि 'इंजिन दमावर येते' म्हणजे नेमके काय होते, हे त्या माणसांच्या शब्दांत उतरवून घ्यावे, एवढी आमची अपेक्षा आहे. त्या वृद्ध मिस्त्रींनी आता गॅरेज मुलाकडे दिले आहे. मुलगा संगणक जोडून गाडी तपासतो आणि चांगली तपासतो. वडील दाराशी खुर्ची टाकून बसतात, आणि रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तिच्यात काय बिघडले आहे ते, कोणी विचारले नाही तरी, सांगतात.